तलासरीची काळी लोकर

डहाणूला जानेवारीत चालले म्हटलं की आमच्या कॉलनीतल्या बायका हसतात. नाशिकच्या बायका त्या, थंडी म्हणजे आपल्या मालकीची अशी त्यांची पक्की समजूत. समुद्रकाठी कसली आलीय थंडी, म्हणत मला हौसेने निरोप देतात. मीही आजवर त्यांच्यासारखीच बोलायची. यंदा परत आले ती तोंड बंद करून. म्हणजे थंडीच्या बाबतीत बंद. बाकी सगळं मी जो भेटेल त्याला सांगत सुटले, तेव्हा आमचे हे म्हणाले की एकदाचं लिहून काढ, म्हणजे आम्ही तरी सुटू. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आधी माझ्याविषयी सांगते. मी शाळेत एकतीस वर्षं शिवण आणि विणकाम शिकवलं. टाके गाळले म्हणून मी जिला ओरडले, पुढे तिच्या मुलीलाही त्याच कारणासाठी ओरडले, इतकी वर्षं. निवृत्त झाले तरी सुया हातातून सुटल्या नाहीत. बसमध्ये, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही मी विणत असते, आणि विणलेलं कोणाच्या तरी गळ्यात मारते. माझ्या कामाचा मला गर्व होता. होता म्हणते, कारण पुढे काय झालं ते आता येईलच.

नरपड

माझी धाकटी बहीण मंदा डहाणूजवळ नरपडला दिलेली आहे. त्यांची चिकूची वाडी आहे. वाडीच्या मागे सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र. सकाळी किनाऱ्यावर गेलं की दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात, आणि त्यांचा वास सुरूच्या बनापर्यंत आपली साथ सोडत नाही. पहिल्या दिवशी मला तो नको होतो. दुसऱ्या दिवशी मंदा ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी पुढे करते, मग माझी काही तक्रार उरत नाही.

मंदाचे यजमान वसंतराव एकाच श्वासात तीन भाषा बोलतात. चिकूच्या व्यापाऱ्याशी गुजराती, वाडीतल्या माणसांशी वारली आणि माझ्याशी मराठी. फोन आला की त्यांची सरमिसळ होते आणि शेवटचं वाक्य नक्की कोणाला होतं ते कळत नाही. नाशिकला आमच्याकडे गुजराती शेजारी तीस वर्षं आहेत, पण आम्ही अजून ‘केम छो’च्या पुढे गेलेलो नाही. इथे चहाच्या टपरीवरचा माणूसही तिन्हींमध्ये चिडू शकतो.

या वाडीत जानी कामाला येते. वीसेक वर्षं झाली. गंजाडच्या एका पाड्यावर तिचं घर आहे, जातीने वारली, वयाने माझ्याएवढी. झाडावरून उतरवलेले चिकू धुऊन निवडायचं काम तिचं. मी आले की ओट्यावर तिच्याशेजारी बसून मीही निवडते, म्हणजे निवडल्यासारखं करते, आणि जानी माझ्या ढिगातले कच्चे चिकू काही न बोलता काढून टाकते. ती मंदाला बाय म्हणते आणि मला मोठी बाय.

दोन वर्षांपूर्वी मी जानीला एक स्वेटर विणून दिला होता. गुलाबी, पुढे बटणं, मनगटापर्यंत लांब बाह्या, आणि बाह्यांवर वर चढत जाणारी वेल. त्या वेलीला मला सव्वा महिना लागला होता. तेवढं चांगलं काम मी ना आधी केलं ना नंतर. मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून येता आलं नाही. त्यामुळे यंदा बसमधून उतरल्यापासून माझ्या मनात एकच होतं, जानीच्या अंगावर तो स्वेटर कधी बघते.

ती आली ती जुनी चादर गुंडाळून. खोकत होती. मी चहा व्हायच्या आत विचारलं की स्वेटर कुठे आहे. ती हसली, पेटीत ठेवलाय म्हणाली, लग्नाबिग्नाला घालीन. मला गुदगुल्या झाल्या. चांगली वस्तू माणूस जपून ठेवतोच, मी तरी पैठणी कुठे रोज नेसते? मी मंदाकडे बघितलं, तर ती दूध उतू जातंय म्हणून आत पळाली. दूध गॅसवर नव्हतंच, पण ते माझ्या लक्षात यायला एक दिवस जायचा होता.

गंजाड

दुसऱ्या दिवशी पहाटे वसंतरावांना गंजाडकडे कलमं बघायला जायचं होतं. मी म्हटलं मला जानीच्या घरी सोडा, परतताना घ्या. जानीच्या मुलीला, सविताला, मुलगी झाली होती आणि तिच्यासाठी मी टोपरं विणायला घेतलं होतं. डोक्याचं माप घ्यायचं होतं.

डहाणू स्टेशन मागे पडलं, घरं विरळ झाली आणि जीपच्या फटीतून वारा शिरायला लागला. समुद्राची ऊब किती लांबपर्यंत येते हे मी तोवर कधी तपासलं नव्हतं. गंजाडला उतरले तेव्हा माझे दात वाजत होते. कॉलनीतल्या बायका बघायला नव्हत्या म्हणून बरं.

आमच्याकडे थंडी पडली की आपण दारं-खिडक्या लावून घेतो आणि रजईत शिरतो. घर म्हणजे ऊब. जानीच्या घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वरून मातीने लिंपलेल्या. उन्हाळ्यात त्यांच्यासारखं सुख नाही, पण पहाटे त्यांच्यातून वारा आरपार जातो. इथली ऊब घराच्या बाहेर असते, अंगणातल्या शेकोटीत. पहाटे चारपासून सगळं घर तिच्याभोवती गोळा होतं. म्हातारी माणसं सगळ्यांत जवळ, मग लेकुरवाळ्या, मग बाकीचे. शेजारचा येतो तो हातात एक लाकूड घेऊन येतो, रिकाम्या हाताने कोणी बसत नाही. तिथेच चहा होतो, तिथेच निखाऱ्यांत रताळी भाजतात, आणि दिवसभराची कामंही तिथेच ठरतात. मला म्हाताऱ्यांच्या रांगेत बसवलं. पहिल्यांदा जरा लागलं मनाला, पण तिथे फार छान शेक लागत होता.

मग माझ्या लक्षात आलं की जानी शेकोटीपाशी नाही. ती लांब, ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती, चादरीत, आणि खोकत होती. मी दोनदा बोलावलं. ती तिथूनच हसली. मी म्हटलं, अगं छाती धरलीय तुझी, इकडे ये, शेक घे. शेवटी शिक्षिकाच मी, आवाज चढवला. जानीचा नवरा लाहनू उगाच लाकूड सारायला लागला.

सविता बारावीपर्यंत शिकलेली आहे आणि आईपेक्षा स्पष्ट बोलणारी आहे. मांडीवरच्या मुलीला थोपटत ती म्हणाली, ‘मावशी, ती जवळ नाय बसत आता. तुमच्या स्वेटरला ठिणगी लागली न् बाही वितळून तिच्या हाताला चिकटली.’

जानी तिला वारलीत काहीतरी रागावून बोलली. पण आता लपवण्यासारखं काही नव्हतं. मी उठून तिच्यापाशी गेले तेव्हा तिनेच चादर बाजूला केली. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगळलेल्या कागदासारखी झाली होती. मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. बाही ओढून काढताना कातडीही निघाली, दीड महिना पट्टी होती, चिकूचा सगळा हंगाम तिने डाव्या हाताने काढला. तेव्हापासून तिने अंगात स्वेटर घातला नाही आणि ती विस्तवाजवळ बसली नाही. म्हणून हा खोकला.

मला लाज वाटली, सरळ सांगते. आणि जानी माझीच समजूत घालत होती की चूक तिची, तीच फार वाकली होती.

माझ्या पिशवीत टोपऱ्याची लोकर होती. त्याच दुकानातली, त्याच कंपनीची, पांढरी शुभ्र. मी एक धागा तोडला आणि निखाऱ्यावर धरला. तो भुर्रकन पेटला, आक्रसला, आणि त्याच्या टोकाला काळा थेंब जमून निखाऱ्यावर टपकला. गार झाल्यावर बोटांत धरून बघितला तर मुगाच्या दाण्याएवढा टणक. प्लास्टिक. गुंड्याच्या कागदावर मेंढीचं गोड चित्र होतं आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत शंभर टक्के ॲक्रिलिक असं छापलेलं होतं. एकतीस वर्षं मी त्याला लोकर म्हणत आले, मुलींच्या वह्यांत लोकरीचे प्रकार लिहून दिले, आणि तो कागद कधी वाचला नाही. मी तिथल्या तिथे सुया ओढून काढल्या आणि टोपरं उसवलं. सविताची मुलगी मजेत बघत होती.

परत नरपड

मंदाशी माझं भांडण झालं हे ओघाने आलंच. वर्षभर तिला माहीत होतं आणि तिने फोनवर माझ्यापाशी चकार शब्द काढला नव्हता. जानीनेच शपथ घातली होती म्हणे, मोठ्या बायला सांगू नका, तिच्या मनाला लागेल. मी म्हटलं जानीचं ठीक आहे, पण तू माझी सख्खी बहीण. तर मंदा शांतपणे म्हणाली की तुला सांगून काय झालं असतं, तू रडली असतीस आणि त्याच लोकरीचा दुसरा विणून पाठवला असतास. मी उठून ओट्यावर जाऊन बसले. मग चिकूचा हलवा पुढे आला, आणि तिचं म्हणणं खरंही होतं.

आता मला एकच गोष्ट हवी होती. जानीला अंगात काहीतरी उबदार घालून शेकोटीपाशी पुन्हा बसवायचं. ती तशीच थंडीत खोकत राहिली आणि मी नाशिकला जाऊन रजईत शिरले, हे मला जमणार नव्हतं. खरी लोकर सहज पेटत नाही, पेटली तरी आपोआप विझते, एवढं शास्त्र मला पाठ होतं, शिकवलंही होतं. मंदाची सून म्हणाली की मोबाइलवरून मागवू, शुद्ध लोकर मिळते. पण कागदावरच्या चित्रावरून माझा विश्वास उडाला होता. मला आता मेंढीच बघायची होती.

वसंतराव हे ऐकून हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. ते म्हणाले, मग चला की उद्या, तलासरीच्या पुढे उधव्याकडे माझ्या ओळखीच्याच्या शेतात धनगर उतरलेत.

उधवा

हे मला माहीत नव्हतं, म्हणून तुम्हालाही सांगते. दिवाळीनंतर भात कापून झालं की धुळ्याकडचे मेंढपाळ कळप घेऊन घाट उतरतात आणि या बाजूला येतात. इकडचे शेतकरी त्यांना रिकाम्या खाचरांत मेंढ्या बसवायला बोलावतात. मेंढ्या रात्रभर बसतात, लेंड्या पडतात, शेताला खत मिळतं. त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो. पावसाआधी कळप परत वर. दोघांचं भागतं आणि रासायनिक खताची गोणी कोणाला उचलावी लागत नाही. आमच्या नाशिकला द्राक्षाच्या बागांना काय काय फवारतात ते आठवून मला वसंतरावांच्या त्या मित्राचा हेवा वाटला.

आम्ही पोचलो तेव्हा मेंढ्या भादरायचं काम चाललं होतं. काळ्या मेंढ्या, मधूनच एखादी तपकिरी. एकजण मेंढीला आडवी पाडून पाय धरतो, दुसरा मोठ्या कातरीने मानेपासून लोकर उतरवत जातो. मी अगदी जवळ जाऊन बसले, कारण तोपर्यंत मला सगळ्याचीच शंका यायला लागली होती. मेंढीला कुठे कापतंय का, ती घाबरतेय का. मेंढी रवंथ करत होती. सोडल्यावर ती उठली, अंग झाडलं आणि अर्ध्या आकाराची होऊन चालू लागली. मी मात्र उठले तेव्हा मागच्या बाजूने लेंड्यांनी सारवली गेले होते. वसंतरावांनी जीपच्या सीटवर पोतं टाकलं.

कळपाचे म्हातारे भिकाबाबा आणि त्यांची बायको ठकूबाई. भिकाबाबा आमच्याशी बोलताना उभ्या उभ्या टकळीवर सूत काढत होते. चालताना, चारताना, गप्पा मारताना टकळी फिरतच असते. मला ते बघून माझंच कोणीतरी भेटल्यासारखं झालं. ते म्हणाले की कातरलेली लोकर आता कोणी विचारत नाही, बांधावर टाकून द्यावी लागते. हवी तेवढी न्या. पण मला कच्ची लोकर नेऊन भागणार नव्हतं. ती पिंजून कातेपर्यंत माझा मुक्काम संपला असता. मला हवं होतं ते सूत, आणि सूत ते द्यायला तयार नव्हते. ते घोंगडीचं होतं. गावी परतल्यावर विणकराकडे द्यायचं, एका घोंगडीचं सूत काढायला वर्ष जातं. पैशाचं नाव काढलं तर त्यांनी टकळीकडे बघितलं. मला ते कळलं. माझी वेल कोणी विकत मागितली असती तर मीही असंच बघितलं असतं.

मग मी ठकूबाईंना जानीची गोष्ट सांगितली. सगळी, माझी मूर्खपणाची बाजू न गाळता. त्या चुलीपाशी बसून ऐकत होत्या, आणि त्यांचं लक्ष माझ्या पिशवीकडे होतं. पिशवीतून नाशिकहून आणलेल्या, आता नको झालेल्या लोकरीचे गुंडे डोकावत होते, लाल, पिवळे, पोपटी. त्यांनी ते बाहेर काढले, चुलीपासून लांब नेऊन उन्हात धरले. बिऱ्हाड वाहणाऱ्या त्यांच्या दोन्ही घोड्यांच्या गळ्यातले गोंडे विटून गेले होते. हे द्या आणि सूत घेऊन जा, असा त्यांनी सौदा मांडला.

मी इतकी तत्त्वाला पेटले होते की मी त्यांनाच समजवायला लागले. हे प्लास्टिक आहे, वितळतं, धोक्याचं आहे. ठकूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘बाई, घोड्याच्या गळ्यात बांधायचं आहे. घोडं काही चुलीपाशी बसत नाही.’

वसंतराव खो खो हसले. मीही हसले. भिकाबाबांनी तक्रार केली नाही, सुताचे चार मोठे गुंडे आणून माझ्या ओटीत टाकले आणि टकळी पुन्हा फिरवायला लागले. घोंगडी एक हिवाळा पुढे गेली, एवढंच म्हणाले. ठकूबाईंनी माझ्या अख्ख्या पिशवीचा ताबा घेतला होता. माझ्या कपाटात अजून बरीच ॲक्रिलिक लोकर आहे, ती टाकून देण्यापेक्षा तिला असंच एखादं निरुपद्रवी घर शोधावं असं मी तेव्हा ठरवलं. नवीन मात्र आणणार नाही.

परतताना हायवेवर उंबाडियु खाल्लं. थंडीतच मिळतं. पापडी, कंद, रताळी असं सगळं हिरव्या मसाल्यात घोळवून मडक्यात भरतात, मडक्याचं तोंड पाल्याने बंद करून ते उपडं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. रायगडकडची पोपटी मी खाल्ली आहे, तिचीच ही सख्खी मावसबहीण, हिरवी चटणी जास्त आणि सोबत ताक. दोन पानं झाल्यावर मला राहवेना. मी सुताचा धागा काढला आणि मडक्याच्या जाळात धरला. धागा कुरकुरला, केस जळल्याचा वास सुटला, जाळातून बाहेर काढताच विझला, आणि टोकाची राख बोटांत चुरली तर पीठ झाली. मी आनंदाने आणखी तीन धागे जाळले. शेजारच्या बाकावरचं कुटुंब आपली पानं घेऊन लांबच्या झाडाखाली गेलं, आणि दुकानदाराने वसंतरावांना गुजरातीत काहीतरी विचारलं. वसंतराव म्हणाले, ‘बाई शिक्षिका आहेत.’ ते उत्तर त्याला पटलं असावं.

नरपडला चार दिवस

सूत रिठ्याच्या पाण्यात धुतलं आणि चिकूच्या झाडाखाली वाळत घातलं. त्याचा वास सांगायची सोय नाही. मंदाच्या घराला मेंढवाड्याची कळा आली. वाडीतली दोन कुत्री त्या झाडाखालून हलेनात. मंदा उदबत्त्या लावत होती. मी तिला म्हटलं बोंबलाचा वास तुला चालतो, तर हा का नाही. तिने आणखी एक उदबत्ती लावली.

माझ्या सुया त्या सुतासाठी फारच बारीक होत्या. जानीचा लाहनूही वाडीतच कामाला असतो, त्याने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर येताना बांबूच्या दोन सुया तासून आणल्या, माझ्या करंगळीएवढ्या जाड, काचेने घासून गुळगुळीत केलेल्या. कोणासाठी विणतेय हे त्याला माहीत होतं. जानी मात्र त्या दिवसांत माझ्या हाताकडे बघायची नाही. ओट्यावर बसायची, चिकू निवडायची, खोकायची.

खरं सांगायचं तर हे सूत विणणं म्हणजे मऊमऊ सुखाचं काम नाही. जाड, खरखरीत, मध्येच काडी लागते, बोटं सोलवटतात. अंगाला टोचतं, त्यामुळे आत सुती पोलकं हवंच. वेलबील काही निघत नाही, साधा सुलट-उलट टाका, एवढंच ते सोसतं. पण उबेला त्याला तोड नाही. संध्याकाळी ते मांडीवर घेऊन विणताना मला शाल लागली नाही. रंग दिला नाही, मेंढीचा होता तोच. एक वर्ष माणसाने चालता चालता काढलेलं सूत हातात असलं की उसवायची वेळ येऊ नये म्हणून माणूस टाके नीट मोजतो. इतकी सावध मी नोकरीच्या पहिल्या वर्षीही नव्हते.

मी बिनबाह्यांचं जाकीट विणलं. मंदाला सांगितलं सूत पुरत नाही. एक गुंडा शिल्लक होता, तो मी बॅगेत खाली ठेवून दिला. खरं कारण भीती. शास्त्र पाठ होतं, जाळून चारदा बघितलं होतं, तरी त्या हातावर पुन्हा माझ्या हातचं काही चढवायचा माझा धीर होत नव्हता.

पुन्हा गंजाड

निघायच्या आदल्या दिवशी पहाटे गेलो. मंदाही आली. शेकोटी पेटली होती, सगळे आपापल्या जागी होते, जानी खांबापाशी. मी जाकीट तिच्या हातात दिलं आणि मनात घोकलेलं भाषण विसरले. ती रंगाकडे बघत राहिली. मग वास घेतला आणि नाक मुरडून हसली. म्हाताऱ्या बायकांनीही हात लावून बघितला.

जानी उठली. चादर खांबापाशी ठेवून जाकीट घेऊन शेकोटीकडे आली. वर्षभरात पहिल्यांदाच, सविता नंतर म्हणाली. तिने खालच्या काठाला राहिलेलं सुताचं टोक शोधलं, मी आत दडवलेलं, आणि उपसून काढलं. मग खाली बसून ते टोक निखाऱ्यावर टेकवलं. मी चार वेळा जाळून बघितलेलं होतं, तरी मी मंदाचा दंड धरला. धागा कुरकुरला, वास आला, तिने तो उचलला आणि तो विझला. तिने जळकं टोक बोटांत चुरलं, राख तळहातावर पसरून बघितली, पुन्हा एकदा जाळून बघितली. नंतर तळहात लुगड्याला पुसला आणि जाकीट अंगात चढवलं.

म्हाताऱ्या सरकल्या. ती त्यांच्या आणि माझ्या मध्ये बसली, विस्तवापासून हातभर अंतरावर, आणि पाठ वाकवून शेक घ्यायला लागली. मंदा डोळे पुसत होती आणि धूर लागतोय म्हणत होती. धूर दुसऱ्या बाजूला होता. मी चहा घेतला. मला फार बरं वाटत होतं, पण मी जानीच्या हाताकडे बघायचं टाळत होते. तिने लाकूड सारायला तोच हात पुढे केला, उघडा, जाळाच्या उजेडात.

मग हात मागे घेऊन तिने तो दुसऱ्या हाताने चोळला आणि माझ्याकडे वळली.

‘याला बाह्या पन लाव ना, मोठी बाय,’ ती म्हणाली. ‘हाताला थंडी वाजते.’